चार किलोमीटरच्या रोजच्या फेरीला डिझेल कशाला?

प्रश्न : मी बेळगावात टिळकवाडीत राहतो, उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे. रोजची फेरी घर ते कारखाना, जेमतेम चार किलोमीटर. महिन्यातून दोनदा जांबोटीच्या पुढं शेतावर जातो, भर पावसातही. वर्षातून चार-पाचदा चोर्ला घाटातून गोवा. सगळं मिळून वर्षाला सहा हजार किलोमीटर होतात. जुनी लँड रोव्हर डिस्कव्हरी घ्यायची फार दिवसांची इच्छा आहे. सध्या दोन ‘डिस्कव्हरी ३’ समोर आहेत. एक २००९ ची, २.७ डिझेल, दिल्ली पासिंग, कोल्हापूरच्या एका एजंटाकडे, ९ लाखांना. दुसरी २००७ ची, ४.४ लिटरची पेट्रोल व्ही-एट (आठ सिलिंडरची), एका गोवेकर कुटुंबानं इंग्लंडहून आणलेली, म्हापशात उभी, साडेसहा लाखांना, मीटरवर ७१ हजार. बाबा म्हणतात, एवढ्या मोठ्या गाडीला पेट्रोल घालणं म्हणजे पैसे जाळणं, आणि शेतावर ट्रॅक्टरसाठी डिझेलचं बॅरल असतंच. घरात रोज यावरून वाद. काय करू?

उत्तर : आधी निकाल सांगतो. या दोन गाड्यांत, तुमच्या या वापराला, पेट्रोल. खाली सांगतोय त्या तपासणीत ती टिकली तर. नाही टिकली तर दोन्ही सोडा, पण डिझेलकडं वळू नका. कोल्हापूरची ती गाडी तुमच्यासाठी नाही.

बाबांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. आपल्या भागात डिझेलवरचा विश्वास अनुभवातून आलाय. विहिरीवरचं पंपाचं इंजिन डिझेलवर, ट्रॅक्टर डिझेलवर, ऊस ओढणारा ट्रक डिझेलवर. चिखलातून, भारासकट, कमी आरपीएमवर ओढत राहणारं इंजिन आपण लहानपणापासून बघितलंय, आणि ते बिघडलं तर गावातल्या गावात उघडून दुरुस्त होतानाही बघितलंय. मी स्वतः ओल्ड पी. बी. रोडवर पंचवीस वर्षं गॅरेज चालवलं. डिझेल जीप पंपासकट खोलून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रस्त्यावर आणलेली आहे. पण बाबा ज्या डिझेलबद्दल बोलतायत ते इंजिन वेगळं आणि डिस्कव्हरीच्या बॉनेटखालचं वेगळं. दोघांत फक्त इंधनाचं नाव सारखं आहे.

ओढीचं बघा. डिस्कव्हरी ३ चं २.७ डिझेल ४४० न्यूटन-मीटर टॉर्क देतं, तेही १९०० आरपीएमला. पेट्रोल व्ही-एट ४२५ च्या आसपास देतं, पण त्यासाठी ४००० आरपीएम लागतात. म्हणजे जोर जवळपास सारखा, फरक तो कुठं मिळतो याचा. मागं ट्रेलर असेल, गाडीत सात माणसं असतील, रोज घाट चढायचा असेल तर १९०० ला मिळणारा जोर फार सुखाचा. शेतावरच्या चिखलाच्या चढाला मात्र हा फरक तुम्हाला जाणवणारसुद्धा नाही. कारण तिथं तुम्ही लो रेंज, म्हणजे खालचे जादा गिअर, टाकणार, आणि या गाडीत लो रेंज चाकांवरचा जोर जवळजवळ तिप्पट करतं. शिवाय दोन्ही गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. पेट्रोल इंजिन लागेल तेवढं वर जातं आणि गाडी चढते. आवाज थोडा मोठा होतो, एवढंच.

आता पैसे, कारण घरातला वाद त्यावरच आहे. बेळगावात पेट्रोल १०३ च्या आसपास आणि डिझेल ९१ धरू. व्ही-एटला शहर आणि घाट मिळून साडेपाचचं अ‍ॅव्हरेज धरा, डिझेलला साडेआठचं. पेट्रोल किलोमीटरला साधारण १९ रुपये खातं, डिझेल ११. किलोमीटरमागं आठ रुपये फरक. सहा हजार किलोमीटरचे झाले ४८ हजार वर्षाला. रक्कम लहान नाही. पण डिझेल गाडी अडीच लाखांनी महाग आहे. नुसते तेवढे पैसे वसूल व्हायला पाच वर्षं लागतील, तीही मधल्या पाच वर्षांत डिझेल इंजिनवर वेगळा खर्च आला नाही असं धरून. आणि या इंजिनाच्या बाबतीत तसं धरता येत नाही.

का, ते नीट सांगतो, कारण तुम्ही मशीन शॉपवाले आहात, तुम्हाला लगेच कळेल. या २.७ व्ही-सिक्स डिझेलमध्ये क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, तुटण्याची तक्रार जगभर झालेली आहे. सगळ्याच गाड्यांत होतं असं नाही, पण हा प्रकार अपवादानं होणाराही नाही. बेअरिंगचं शेल आपल्या जागेवरून फिरतं, तेलाचं भोक झाकलं जातं, जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, कोरडं पडतं आणि क्रँक जाते. आधी इशारा मिळेलच असं नाही. ट्रॅक्टरची क्रँक असती तर उद्यमबागेत ग्राइंड करून, अंडरसाइज शेल घालून आठवड्यात उभी केली असती. इथं बहुतेकदा अख्खं इंजिन बदलायची वेळ येते, आणि तो खर्च गाडीच्या किमतीच्या अर्ध्याला सहज जातो. दुसरी अडचण जागेची. या गाडीत बॉडी चॅसीवर बसलेली आहे आणि टर्बोसारख्या कामाला अनेक कारागीर सरळ बॉडीच वर उचलतात. लिफ्ट, जागा आणि हे काम पूर्वी केलेला माणूस, तिन्ही एका ठिकाणी बेळगावात तुमच्याजवळ आहेत का, हे गाडी घेण्याआधी बघायचं.

त्यात टायमिंग बेल्ट. डिझेलला पुढचा बेल्ट आहे आणि मागं डिझेलच्या हाय प्रेशर पंपाचा आणखी एक. दोन्ही रबरी. गाडी कमी चालली तरी रबराचं वय होतंच, म्हणून बेल्ट किलोमीटरबरोबर वर्षांवरही बदलायचा असतो. २००९ च्या गाडीचे दोन्ही बेल्ट बदलल्याचं बिल एजंट दाखवू शकत नसेल तर ते बदललेले नाहीत असंच समजा. पेट्रोल व्ही-एटमध्ये बेल्ट नाही, चेन आहे. टर्बो नाही, हाय प्रेशर पंप नाही. जुनी गाडी घेताना मी हे नेहमी मोजतो : बिघडू शकेल असं काय काय त्या इंजिनावर बसवलेलं आहे.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, रोज चार किलोमीटर. टिळकवाडीतून निघालात, खानापूर रोडच्या गर्दीत अडकलात, तिसरं रेल्वे गेट ओलांडलं की कारखाना आला. डिझेल इंजिन सावकाश तापतं. एवढ्या वेळात पाणी कोमट होतं, तेल तेवढंही नाही. थंड इंजिनात काजळी जास्त धरते, ईजीआरमधून, म्हणजे धुराचा काही भाग इंजिनात परत पाठवणाऱ्या व्हॉल्व्हमधून, ती परत इनटेकमध्ये येते, तिथल्या तेलाच्या वाफेत मिसळते आणि डांबरासारखा थर बसतो. वर्षभरात ईजीआर व्हॉल्व्ह अडकतो, पिकअप जातो, धूर सुरू होतो. मग गॅरेजवाला सेन्सर बदलत बसतो. माझ्याकडं अशा कितीतरी गाड्या यायच्या, मालक डॉक्टर किंवा वकील, घर ते दवाखाना किंवा घर ते कोर्ट. इंजिन बिचारं चांगलंच असायचं, त्याला रस्ताच मिळालेला नसायचा.

छोट्या फेऱ्या पेट्रोललाही मानवत नाहीत. तेलात पाण्याची वाफ आणि पेट्रोलचा अंश मिसळतो. पण ते इंजिन लवकर तापतं आणि आठवड्यातून एकदा मोठा रस्ता मिळाला की बरंच सावरतं. तेव्हा गाडी कुठलीही घ्या, रविवारी सकाळी हायवेला काढा. काकती मागं टाकून हत्तरगीपर्यंत एका लयीत जाऊन या. आणि तेल किलोमीटरवर नाही, वर्षाला एकदा बदला. सहा हजार झाले नसले तरी.

बॅरलच्या डिझेलबद्दल मात्र कळकळीनं सांगतो. असं बॅरल माझ्याही शेतावर होतं. गॅरेज असतानाच मी एक जुनी परदेशी डिझेल गाडी हौसेनं ठेवली होती. एका पावसाळ्यात कणकुंबीहून परतताना टाकी रिकामी होत आली म्हणून त्या बॅरलमधलं वीस लिटर डिझेल गाळून घातलं. ट्रॅक्टर रोज तेच पीत होता. तिसऱ्या दिवशी इंजिन अडखळायला लागलं, आठव्या दिवशी बंद. बॅरलच्या तळाला पाणी साचलं होतं. माझ्या हातानं मी इंजेक्टर आणि पंप दोन्ही घालवले, आणि ते पार्ट मुंबईहून येईपर्यंत गाडी पावणेदोन महिने शेडमध्ये उभी राहिली. ट्रॅक्टरचा जुना पंप काही शे बारवर काम करतो, थोडी घाण पचवतो. आताच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात इंधन दीड हजार बारहून जास्त दाबानं केसाएवढ्या छिद्रातून जातं. तिथं पाण्याचा थेंबही पत्र्यावर वाळू घासल्यासारखं काम करतो. शेतावर डिझेल आहे म्हणून डिझेल गाडी, हे कारण यादीतून काढूनच टाका.

पाण्यातून जाण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण जांबोटी-कणकुंबीचा पाऊस मला माहीत आहे. मलप्रभा तिथंच उगम पावते, आणि जुलैत तिथला साधा ओढाही नदी होतो. डिझेलला स्पार्क नाही म्हणून ते पाण्यात बंद पडत नाही, असं जुने ड्रायव्हर सांगतात. पूर्वीच्या साध्या इंजिनाबद्दल ते खरं होतं. आताच्या डिझेलला कॉम्प्युटर आहे, सेन्सर आहेत, तेही भिजतात. आणि हवेच्या पाइपातून पाणी आत गेलंच तर डिझेलचं नुकसान जास्त, कारण सिलिंडरमध्ये उरलेली जागा फार थोडी, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. डिस्कव्हरी ३ ची पाण्यातून जाण्याची मर्यादा ७०० मिलिमीटर सांगितलेली आहे, तीही उभ्या, शांत पाण्यात. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर गेलं की गाडी अलीकडंच लावायची. गडी ओढ्यापलीकडं थांबला असला तरी.

आता पेट्रोलची दुसरी बाजू, कारण तीही आहे. पंपावर आता मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. अथणी, रायबाग, चिक्कोडीकडच्या उसाच्या मळीतून आणि रसातून निघालेलं इथेनॉलही त्यात असतं, आपल्या शेतकऱ्याला त्याचा आधार आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण २००७ ची गाडी त्यासाठी बनलेली नव्हती. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, म्हणून २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के अ‍ॅव्हरेज जातं. वर धरलेलं साडेपाच त्यासकट आहे. ऑक्टेन मात्र वाढतो, आणि ९५ ऑक्टेनसाठी बनलेल्या या व्ही-एटला ते चांगलंच आहे. खरी काळजी रबराची. जुने फ्युएल होज, ओ-रिंग, पंपाचे सील मऊ पडतात, चिरतात. गाडी घेतल्या घेतल्या टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी होज इथेनॉल चालणारे बसवून घ्या, फिल्टर बदला. होजवर दोन-चार हजार वाचवायला जाऊ नका, गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे आगीशी गाठ. दुसरं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या पावसाळ्यात गाडी तीन महिने न हलवता झाकून ठेवली तर टाकीत पाणी जमतं, आतून गंज धरतो. गाडी फिरती ठेवा, एक टाकी महिना-दीड महिन्यात संपली पाहिजे.

एअर सस्पेन्शन आणि गिअरबॉक्स दोन्ही गाड्यांत सारखेच आहेत, त्यामुळं तिथं पेट्रोल-डिझेल असा प्रश्न येत नाही. पण पैसे जाणार आहेत ते तिथंच. रात्री गाडी उभी करा, सकाळी एक कोपरा खाली बसलेला दिसला तर सस्पेन्शनची एअर बॅग (हवेची पिशवी) गळतेय. कॉम्प्रेसर सतत घरघरत असेल तर तो थकलाय. गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभराचं’ असं सांगणारे भेटतील. तो गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला म्हणते.

आणि ७१ हजार! गाडी इंग्लंडहून आलीय. तिचा मीटर मैलांत नाही ना, आधी ते बघा. ७१ हजार मैल म्हणजे १ लाख १४ हजार किलोमीटर. त्यानं गाडी वाईट ठरत नाही, एवढ्या जुन्या गाडीला ते रास्तच आहे. पण साडेसहा लाख कमी वापरलेल्या गाडीचे म्हणून मागितलेले असतील तर तिथं बोलायला जागा आहे. मी असतो तर पाचाला सुरुवात केली असती.

कागदांचं सांगतो. दिल्ली आणि भोवतालच्या एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा हुकूम झाल्यापासून तिकडच्या मोठ्या डिझेल गाड्या स्वस्तात दक्षिणेकडं येऊ लागल्या. कोल्हापूर-बेळगावच्या एजंटांकडं त्या दिसतात. त्यातल्या काहींची तिकडची नोंदणीच रद्द झालेली असते. गाडी सुंदर, पण ती कर्नाटकात कुणाच्या नावावर होणं अवघड. वाहन पोर्टलवर नंबर घालून आरसी चालू आहे की नाही ते स्वतः बघितल्याशिवाय एजंटाला टोकनसुद्धा देऊ नका. गोव्याच्या गाडीलाही एनओसी, बेळगावचा केए-२२ चा नवा नंबर आणि कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स लागणार, आणि तो आपल्याकडं देशात जास्त असणाऱ्यांपैकी आहे. सीमाभागात एमएच आणि गोव्याच्या नंबरवर वर्षानुवर्षं फिरणारी मंडळी मी बघतो. कायद्यानं दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवलेल्या गाडीला नवा नंबर घ्यावाच लागतो. तुमचा कारखाना इथं, घर इथं, तो धोका तुम्ही घेऊ नका. शिवाय गाडी आयात केलेली असल्यानं पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीची फी साध्या कारसारखी ५ हजार नाही, ४० हजार आहे, आणि वीस वर्षांपुढं ८० हजार. २००७ ची गाडी २०२७ मध्ये वीस वर्षांची होईल. आताच्या मालकानं पुनर्नोंदणी केलीय का, कोणत्या तारखेपर्यंतची, हे विचारून तो आकडा सौद्यात धरा.

उद्या तुमचं काम बदललं, महिन्यातून दोनदा पुण्याला जायला लागलं, तर माझं उत्तर उलटं होईल. मग वर्षाला बावीस हजार किलोमीटर होतील आणि तो आठ रुपयांचा फरक पावणेदोन लाखांवर जाईल. इंजिनाला मोकळा रस्ताही मिळेल. तेव्हा डिझेलच घ्या, पण दुसऱ्या गाडीत. टोयोटाच्या जुन्या प्राडोमध्ये ३.० लिटरचं डिझेल इंजिन आहे, तेच २००९ साली आपल्याकडं आलेल्या फॉर्च्युनरमध्ये. त्यामुळं निपाणीपासून धारवाडपर्यंत ते उघडलेला मेस्त्री सापडतो, पार्ट मिळतात. बाबांचा डिझेलवरचा विश्वास जिथं खरा ठरतो ती गाडी ही. तुमचं मन डिस्कव्हरीवरच आहे हे पत्रावरून कळतंय, म्हणून तिकडं फार ओढत नाही.

म्हापशाला जाताना बाबांना बरोबर घ्या. डिझेल जीप ऐकत आयुष्य काढलेल्या माणसाला थंड इंजिनातला चुकीचा आवाज तुमच्याआधी कळेल. पहिल्या दोन-तीन सेकंदांत समोरून खडखड आली आणि थांबली नाही तर चेनचा टेन्शनर बघावा लागेल. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. थंडीत पांढरी वाफ चालेल, पण इंजिन तापल्यावरही ती गोडसर वासानं येत राहिली तर कूलंट आत जातंय, गाडी सोडून या. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्या, आकडे एकमेकांजवळ असले पाहिजेत. स्कॅनर लावा, पण त्याआधी मालकानं फॉल्ट पुसून ठेवलेत का तेही बघायला सांगा. प्लग काढून क्रमानं मांडा. मग घाटात नेऊन आणा आणि परत आल्यावर खाली वाकून बघा, कुठं ओल आहे.

दुपारी जाऊन हे जमणार नाही. मालक तोवर गाडी गरम करून ठेवतो, आणि गरम इंजिन बऱ्याच गोष्टी लपवतं. आदल्या रात्री म्हापशात मुक्काम करा, आणि त्यांना फोन करून सांगा की सकाळी आम्ही येऊन बॉनेटवर हात ठेवेपर्यंत गाडीला चावी लावू नका.